जपून चालणाऱ्यांचा तोल

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वृद्धांच्या दोन निवासांमध्ये २००७ ते २०१० अशी तीन वर्षं कॅमेरे चालू होते. जेवणघरात, बैठकीच्या खोल्यांत, व्हरांड्यांत. त्यांना चोर पकडायचे नव्हते. माणूस नेमका पडतो कसा, एवढंच पाहायचं होतं. सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या स्टीफन रॉबिनोविच यांच्या गटाने या चित्रफितींमधून १३० जणांच्या पडण्याचे २२७ प्रसंग वेगळे काढले आणि पुन्हा पुन्हा, सावकाश फिरवून पाहिले. त्याआधी पडण्याबद्दल जे लिहिलं जायचं, ते बहुतेक पडलेल्यांच्या सांगण्यावरून. आणि पडलेल्याची साक्ष काही फारशी भरवशाची नसते. एका क्षणी तो उभा असतो, दुसऱ्या क्षणी जमिनीवर. मधली गोष्ट त्याने मागाहून जुळवलेली असते.

जुळवलेली गोष्ट आपल्याकडे बहुधा दोनच शब्दांची असते : पाय घसरला. चित्रफितींमध्ये मात्र घसरून पडलेले होते फक्त तीन टक्के. कशाला तरी अडखळून पडलेले २१ टक्के. सर्वांत मोठा गट, ४१ टक्के, अशांचा होता की ज्यांच्या वाटेत काही आलंच नव्हतं. उभं राहताना, वळताना, पहिलं पाऊल टाकताना किंवा खुर्चीत टेकताना त्यांनी अंगाचा भार चुकीच्या बाजूला टाकला आणि तो पावलांच्या आधाराबाहेर गेला. थोडक्यात, ती माणसं स्वतःच्याच हालचालीने पडली.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. न्हाणीघरात कॅमेरे नव्हते. त्यामुळे मोरीतल्या ओल्या फरशीला लगेच निर्दोष सोडायचं कारण नाही. पण दिवाणखान्यात, कोरड्या, सपाट जमिनीवर इतकी माणसं पडत असतील, तर नुसती फरशी बदलून भागणार नाही, हेही उघड आहे.

घरात कुणी एकदा पडलं की पुढचा संवाद ठरलेला असतो. "आई, आता जपून." "बाबा, तुम्ही बसा, मी आणून देतो." पिशवी हातातून काढून घेतली जाते, जिना बंद होतो, पाट माळ्यावर जातो, खाटेजवळ पाण्याचा तांब्या येतो. हे सगळं प्रेमापोटी होतं. आणि फिजिओथेरपीतलं गेल्या तीन-चार दशकांचं संशोधन सांगतं, की त्यातलं बरंचसं पुढच्या पडण्याची तयारी असते.

प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या मेरी टिनेटी यांनी १९८८ साली घरी राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ३३६ जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांच्यातले ३२ टक्के एकदा तरी पडले होते. याच टिनेटींनी पुढे पडण्याच्या भीतीचं मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली, कारण त्यांना दिसलं, की काही जणांना घरात डांबून ठेवतं ते मोडलेलं हाड नव्हे, पुन्हा पडण्याची धास्ती. धास्तावलेला माणूस कमी चालतो. कमी चालल्याने मांड्या बारीक होतात. मांड्या बारीक झाल्या की तोल आणखी कच्चा होतो, आणि धास्ती खरी ठरते.

तोल हा शब्द आपण तराजूवरून घेतला आहे. पण तराजू स्थिर होतो. माणूस कधीच होत नाही. शांत उभा असलेला माणूसही सतत किंचित झुलत असतो आणि घोट्याभोवतालचे स्नायू त्याला क्षणोक्षणी जागेवर आणत असतात. त्यासाठी मेंदूकडे तिघे खबरे काम करतात. डोळे आजूबाजूचं सांगतात. कानाच्या आतली तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांची रचना डोकं कुठे वळलं ते सांगते. फुगडी थांबल्यावरही जग फिरत राहतं ते तिच्यामुळे, कारण नळ्यांतला द्रव लगेच थांबत नाही. आणि तळपाय, घोटे, गुडघे खालची जमीन कशी आहे आणि आपण कुठे आहोत ते कळवत राहतात.

वयाबरोबर तिघेही थोडे थोडे ढिले पडतात. जुना मधुमेह असेल तर तळपायांकडून येणारी खबर आणखी पुसट होते. मग मेंदू सगळा भरवसा डोळ्यांवर टाकतो. रात्री दोन वाजता दिवा न लावता उठलेल्या माणसाचा तो तिसरा साक्षीदारही गेलेला असतो. फिजिओथेरपिस्ट एखाद्याला जाड फोमच्या गादीवर उभं करून डोळे मिटायला सांगतो, तेव्हा तो हेच तपासत असतो : दोन खबरे बाजूला काढले, तर तिसऱ्यावर हा माणूस किती वेळ उभा राहतो?

खबर आली तरी हुकूम पोचायला आणि स्नायूंनी तो पाळायला हवा. धक्का लहान असेल तर घोट्यातून सावरता येतं. मोठा असेल तर कंबरेतून. त्याहून मोठा असेल तर एकच उपाय उरतो : पटकन पाऊल टाकणं. या ‘पटकन’मध्येच म्हातारपण आडवं येतं. झपाट्याने आकुंचन पावणारे स्नायूतंतू वयानुसार आधी झिजतात. म्हणून सत्तरीतले गृहस्थ देवळापर्यंत आरामात चालत जातात, पण कुत्रं आडवं आलं की त्यांचं पाऊल अर्ध्या क्षणाने मागे राहतं.

आता डुनेडिनची गोष्ट. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं हे जुनं, चढउतारांचं शहर. तिथे ओटागो विद्यापीठात वृद्धांच्या आजारांचे प्राध्यापक जॉन कॅम्पबेल, संशोधक क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला : ऐंशी उलटलेल्या बायकांना घरच्या घरी व्यायाम शिकवला, तर त्या कमी पडतील का? २३३ जणी तयार झाल्या. निम्म्या जणींकडे पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा फिजिओथेरपिस्ट गेली. उरलेल्या निम्म्यांकडेही तितक्याच वेळा माणूस गेला, पण फक्त गप्पा मारायला. ही खबरदारी महत्त्वाची. नाहीतर नुसतं कुणीतरी भेटायला येण्यानेच त्यांना उभारी आली, असं म्हणायला जागा राहिली असती.

वर्षाअखेरीस हिशेब मांडला. गप्पांच्या गटात १५२ वेळा पडणं झालं होतं; व्यायामाच्या गटात ८८ वेळा. १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे आकडे छापून आले.

या कार्यक्रमात यंत्र नाही, जिम नाही, विशेष पोशाख नाही. मान, पाठ आणि घोटे मोकळे करून झाले की पायांच्या ताकदीचे पाच आणि तोलाचे बारा व्यायाम. घोट्याला वजनाचा पट्टा बांधून खुर्चीत बसल्या बसल्या गुडघा सरळ करायचा. उभं राहून टाच मागे उचलायची. पाय बाजूला न्यायचा. चवड्यांवर उभं राहायचं, मग टाचांवर. वजन असं निवडायचं, की आठ-दहा वेळा उचलल्यावर स्नायू थकायला हवा; सहज होऊ लागलं की वजन वाढवायचं. तोलासाठी उलटं चालणं, आडवं चालणं, इंग्रजी आठच्या आकड्यात चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, जिना चढणं. गल्लीत क्रिकेटची खेळपट्टी मोजताना पोरं पावलाला पाऊल जोडत जातात, तसं चालणं. आणि एका पायावर उभं राहणं, म्हणजे लंगडीची पहिली पायरी. उडी तेवढी मारायची नाही. हे आठवड्यातून तीनदा, सुमारे अर्धा तास, शिवाय जमेल तसं चालणं.

खरी मेख प्रत्येक व्यायामाच्या चढत्या पायरीत आहे. आज दोन्ही हातांनी ओटा धरून, काही दिवसांनी एका हाताने, मग नुसती बोटं टेकवून, मग ओट्याजवळ पण न धरता. धरून जे सहज जमतं, त्याने तोल सुधारत नाही. तोल सुधारायला तो थोडा जावा लागतो. फिजिओथेरपिस्टचं कसब आहे ते इथे : माणसाला पडण्याच्या उंबरठ्यापर्यंत न्यायचं, पण उंबरठा ओलांडू द्यायचा नाही. म्हणूनच आधी पडून झालेल्या, चक्कर येणाऱ्या किंवा हाडं ठिसूळ झालेल्या माणसाने हे कागदावरून वाचून एकट्याने सुरू करायचं नसतं. सुरुवातीची पायरी कुठली आणि पुढची कधी, हे पाहणारी नजर लागते.

पुढे ऑकलंडच्या पश्चिम भागात, पंचाहत्तरीपुढच्या २४० जणांवर हाच प्रयोग झाला, तेव्हा व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्टने तयार केलेली परिचारिका होती. पडण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी घटलं. पडून जबर लागल्यामुळे व्यायाम न करणाऱ्यांच्या गटातून पाच वेळा रुग्णालयात भरती करावी लागली; व्यायाम करणाऱ्यांतून एकदाही नाही. न्यूझीलंडमध्ये १९७४पासून कुठल्याही अपघाती दुखापतीचा खर्च, चूक कुणाची हे न पाहता, एक सरकारी महामंडळ उचलतं. माणसं कमी पडली तर तिजोरीतले पैसे वाचतात, हे त्या महामंडळाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. हा कार्यक्रम देशभर पसरला त्यात या हिशेबाचाही वाटा आहे. अशा चार प्रयोगांतल्या १,०१६ जणांची माहिती एकत्र केल्यावर पडणं आणि त्यातून होणाऱ्या दुखापती ३५ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या, आणि सर्वांत जास्त फायदा ऐंशीच्या पुढच्यांना झाला होता. ‘आता या वयात काय व्यायाम’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचायला हरकत नाही.

त्याच कॅम्पबेल यांनी झोपेच्या आणि तत्सम गोळ्या हळूहळू बंद करण्याचाही एक छोटा प्रयोग केला. त्यात पडणं ६६ टक्क्यांनी घटलं. मात्र प्रयोग संपल्यावर महिन्याभरात जवळजवळ निम्मी माणसं पुन्हा गोळ्यांकडे वळली. मांडीचा स्नायू वळवणं सोपं, सवय वळवणं अवघड.

म्हातारपणी ताकद वाढते का, ही शंका त्याआधीच बोस्टनमध्ये मिटली होती. डॉ. मारिया फियाटारोन यांनी १९९० साली एका वृद्धनिवासातल्या १० जणांकडून आठ आठवडे वजनं उचलून घेतली. वयं नव्वदीच्या आगेमागे, सर्वांत वडीलधारी व्यक्ती ९६ वर्षांची. मांडीची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली.

मग रोज सकाळी बागेत फेऱ्या मारणाऱ्यांचं काय? इथे एक नावडतं सत्य आहे. लंडनमध्ये, हात मोडून बऱ्या झालेल्या बायकांना भराभर चालायचा सल्ला दिला गेला आणि त्यांची तुलना न चालणाऱ्यांशी केली गेली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भराभर चालणाऱ्या जास्त वेळा पडल्या. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम आहे. त्याबद्दल वाद नाही. पण सरळ सपाट वाटेवर चालताना तोलाची परीक्षाच होत नाही, आणि ज्याचा तोल कच्चा आहे त्याला पडायच्या संधी मात्र वाढतात. २०१९ साली कॅथरीन शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २५ देशांतल्या १०८ चाचण्या आणि २३,४०७ माणसं एकत्र तपासली. व्यायामाने पडण्याचा दर सरासरी २३ टक्क्यांनी कमी झाला होता. तोलाला आव्हान देणारे, रोजच्या हालचालींसारखे व्यायाम यात पुढे होते. नुसत्या चालण्याबद्दल ठाम काही म्हणता येईल असा पुरावा नव्हता. याच गटाच्या आधीच्या पाहणीत, तोलाला खरंच आव्हान देणारा व्यायाम आठवड्याला तीन तासांहून जास्त करणाऱ्या गटांमध्ये घट ३९ टक्क्यांपर्यंत गेली होती. औषधासारखंच इथेही मात्रा कमी पडली की गुण येत नाही.

मात्रेचा हा मुद्दा अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगानेही उघडा पाडला, असं म्हणता येईल. ५,४५१ वृद्ध, खास प्रशिक्षित परिचारिका, प्रत्येकाच्या धोक्यांची यादी, प्रत्येकासाठी आराखडा. २०२०मध्ये निकाल आला. गंभीर दुखापती आठ टक्क्यांनी कमी दिसल्या, आणि तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. यादी करणं आणि सल्ला देणं ही एक गोष्ट. कुणी आठवड्यातून तीनदा घोट्याला पट्टा बांधतंय की नाही ही दुसरी.

सिडनीच्या लिंडी क्लेमसन यांनी या सवयीच्या गाठीला हात घातला. त्यांनी व्यायामाची वेळच रद्द केली. आधी पडून झालेल्या, सत्तरीपुढच्या ३१७ जणांवरच्या त्यांच्या प्रयोगात एका गटाने व्यायाम दिवसाच्या कामांत विरघळवला. दात घासताना एका पायावर. ओट्याशी काम करताना एका पावलापुढे दुसरं ठेवून. खालच्या खणातून काही काढायचं तर कंबरेतून न वाकता गुडघे वाकवून. फोनवर बोलताना चवड्यांवर. या गटात पडण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालं. चीनमधल्या ताईचीचंही असंच. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये फुजोंग ली यांनी ६७० वृद्धांवर तिची परीक्षा घेतली, तेव्हा नुसतं अंग ताणण्याच्या व्यायामाच्या तुलनेत पडणं ५८ टक्क्यांनी घटलं. सावकाश, अखंड, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेत राहणं. कॅनडाच्या चित्रफितींमध्ये जे चुकत होतं, नेमकं तेच.

धोका कुणाला आहे हे ओळखायलाही फार सामग्री लागत नाही. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला १२ सेकंदांहून जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. पावलाला पाऊल जोडून १० सेकंद उभं राहता येत नसेल, तरीही. आणि सर्वांत मजेदार चाचणी स्वीडनमधली : चालता चालता माणसाशी बोलायला लागायचं. तो उत्तर द्यायला थांबतो का? निवासात राहणाऱ्या ५८ जणांपैकी १२ जण थांबले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्यातले १० पडले. ज्याचं चालणं अजून आपोआप होतं, त्याला थांबावं लागत नाही. ज्याला चालण्याकडे लक्ष पुरवावं लागतं, त्याच्याकडे बोलण्यासाठी लक्ष उरत नाही.

शिकागोमध्ये तर माणसांना मुद्दाम घसरवलं गेलं. छताला बांधलेला पट्टा अंगाभोवती घालून वृद्ध चालत आणि पायाखालची फळी अचानक सरकत असे. एका बैठकीत २४ वेळा. पुढचं वर्षभर त्यांचं पडण्याचं प्रमाण एकदाच घसरलेल्यांच्या तुलनेत साधारण निम्म्यावर राहिलं. पोहणं काठावर बसून शिकता येत नाही, तसलाच हा प्रकार.

भारतातलं फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षणकेंद्र १९५०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. आज ही मंडळी आपल्याकडे तालुक्याच्या गावांतही सापडतात. पण आपण त्यांच्याकडे जातो ते शेक घ्यायला, किंवा खुबा मोडून त्यात सळई बसल्यावर. पडण्याआधी कुणी जात नाही. एकदा पडून काहीच मोडलं नाही तर पेढे वाटावेत इतका आनंद होतो, आणि खरं तर जायची वेळ तीच असते.

एका बाबतीत मात्र इथली जुनी घरं न शिकता बरंच काही करून घेत होती. पाटावर जेवण, जमिनीवर निवडणं-टिपणं, उकिडवं बसून धुणं. दिवसातून कितीतरी वेळा खाली बसायचं आणि उठायचं. ब्राझीलचे डॉ. क्लॉडिओ गिल अराऊजो यांनी हीच हालचाल परीक्षा म्हणून वापरली : जमिनीवर बसा आणि उठा, हात, गुडघा टेकला की गुण कापला, एकूण गुण दहा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर माणसांत ज्यांचे गुण कमी, ते पुढच्या काही वर्षांत जास्त मरण पावले. खाली बसल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. पण बसण्या-उठण्यात ताकद, लवचीकपणा आणि तोल हे तिन्ही एकदम दिसतात. खुर्ची आली, डायनिंग टेबल आलं, दुखऱ्या गुडघ्यांना आराम मिळाला, आणि ही रोजची उजळणी गेली.

तिचा अभाव जाणवतो तो पडल्यानंतर. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या माणसांचा अभ्यास झाला, तेव्हा पडलेल्यांपैकी ८० टक्के निदान एकदा तरी आपलं आपण उठू शकले नव्हते. ३० टक्के तासभर किंवा अधिक जमिनीवर पडून होते. अनेकांजवळ मदतीची घंटा होती. बहुतेकांनी ती वाजवलीच नाही. हाड न मोडताही थंड फरशीवर तासन् तास पडून राहिल्याने अंगाला व्रण पडतात, शरीरातलं पाणी आटतं, स्नायू कुजायला लागतात.

म्हणून चांगला फिजिओथेरपिस्ट उठणंही शिकवतो, आणि ते शेवटाकडून. आधी खुर्चीतून एक गुडघा खालच्या गादीवर टेकवून परत वर यायचं. ते जमलं की दोन्ही गुडघे. मग खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवून रांगायच्या स्थितीत. मग तिथून कुशीवर. प्रत्येक वेळी परतीची वाट आधी पाठ झालेली असते. पाठ टेकून पूर्ण आडवं होणं हा धडा सर्वांत शेवटी येतो. तोवर आजी कुशीवर वळून, रांगत खुर्चीपर्यंत येऊन, बळकट पाय पुढे टाकून उठायला शिकलेल्या असतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाला हात मागे घ्यायला सांगत असतात.